भेटीची वेळ चार ते पाच

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

आज सकाळी उठलो, दाढी केली, खाली जाऊन चहा आणि ब्रेड घेतला. नाश्त्यानंतर दोन माणसं आली आणि खोलीतला दुसरा पलंग घेऊन गेली. पलंग चाकांचा होता, पण एक चाक अडकत होतं, म्हणून दारातून काढताना त्यांना तो उचलावा लागला. गादी आधीच गेली होती. पलंग होता तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसते आहे. मी खुर्ची तिथे ओढून बघितली, बरी वाटेना, म्हणून परत खिडकीशी ठेवली. दुपारी जेवलो. मग जेवणघरात बैठक झाली. बैठक संपल्यावर वर आलो आणि हे लिहायला बसलो. बाहेर अजून ऊन आहे.

तुला ‘तू’ लिहितोय याचं तुला हसू येईल. पहिल्याच दिवशी तू मला अरे-तुरे केलंस आणि वर बजावलंस की ताई म्हणायचं असेल तर अगं म्हण, अहो-जाहो केलंस तर मला सासरी आल्यासारखं वाटतं. तोंडावर ते मला कधी जमलं नाही. कागदावर जमतंय.

तुला कळवायला उशीर झाला. तुझी वहिनी गेली. गेल्या महिन्यात, एका सकाळी, चहा यायच्या आधी. तिचा हात माझ्या हातात होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिचे पाय गार लागत होते, म्हणून मी वाकून तिच्या पायांत मोजे घालत होतो. ती माझ्याकडे बघत होती. एक मोजा चढवला. दुसरा हातात घेतला आणि सहज वर बघितलं, तर ती गेलेली होती. तोंडावर काही त्रास झाल्याची खूण नव्हती. मी दुसरा मोजाही चढवला आणि मगच सिस्टरला हाक मारली. मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली, आठवडाभर राहिली, मला बरोबर चला म्हणाली. मी नको म्हटलं. का, ते तिला नीट सांगता आलं नाही. तुला शेवटी सांगतो.

तू नसतीस तर ती सकाळ मला मिळाली नसती. मी खाली असतो, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, चार वाजायची वाट बघत. कुणीतरी येऊन सांगितलं असतं. तुला हे सगळं ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूने. माझ्या बाजूने ते कसं होतं हे मी कधी बोललो नाही. तुझ्यासमोर बोलायला लागलं की तू वाक्य पुरं करायचीस, आणि माझ्यापेक्षा चांगलं करायचीस. त्यामुळे माझं राहूनच गेलं.

आम्ही दोघं या वृद्धनिवासात एकाच गाडीतून आलो, एकाच दारातून आत आलो. मुलीने दोन बॅगा काउंटरसमोर ठेवल्या. एका माणसाने एक बॅग उचलली आणि तो लिफ्टकडे गेला, दुसऱ्याने दुसरी उचलली आणि तो कॉरिडॉरमधून आत गेला. मला वाटलं, सामान ठेवायची काहीतरी पद्धत असेल. मग तिची चाकाची खुर्चीही लिफ्टकडे गेली. तिची उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेल्यासारखंच, दोन-चार शब्द काय ते उरलेले. तेव्हा ते मला म्हणाले की वरचा मजला अंथरुणाला खिळलेल्यांचा, तुम्ही चालते-फिरते, तुम्ही खाली. भेटायचं असेल तेव्हा या वर. भेटीची वेळ चार ते पाच.

मी नियम पाळणारा माणूस. चार वाजता लिफ्टपाशी उभा राहायचो. लिफ्ट किल्लीवर चालायची आणि किल्ली लिफ्टवाल्याच्या गळ्यात. जिने चढायला माझे गुडघे तयार नव्हते. जन्मभर मी लिफ्टा बसवल्या आणि दुरुस्त केल्या, अर्धं आयुष्य त्या अंधाऱ्या बोगद्यांत दोराला लटकून काढलं, आणि आता मला दुसऱ्याच्या किल्लीने वर जावं लागत होतं. लिफ्टवाला चांगला माणूस होता, रोज म्हणायचा, “या मेकॅनिक, आज मी ड्रायव्हर.” वर गेलो की ती म्हणायची, “आलात?” पाच वाजता वर कामाला असलेली मावशी दारात येऊन उभी राहायची, सगळ्या भेटायला आलेल्यांबरोबर मीही उठायचो, आणि ती म्हणायची, “निघालात?” आमचं दिवसभराचं बोलणं एवढंच. एकदा शेजारच्या पलंगावरच्या आजींच्या सुनेने लिफ्टमध्ये मला विचारलं, तुम्ही कुठून येता रोज? मी म्हटलं, खालून. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. पण तक्रारही नव्हती. तक्रार मी कधीच केली नाही. तिच्या अंगातल्या गाऊनवर कुणा दुसऱ्याच बाईचं नाव लिहिलेलं असायचं. धुवायला टाकलेले कपडे ज्याचे त्याला परत यायचे नाहीत, हाताला येईल ते घालायचे. आमची ही शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती, बाटलीवर चिठ्ठी नसेल तर ती बाटली टेबलावर ठेवू द्यायची नाही. आमच्या घरात मिठाच्या डब्यावरसुद्धा ‘मीठ’ लिहिलेलं असायचं. ती रोज डाव्या हाताने गाऊनवरच्या त्या नावाकडे बोट दाखवायची. आंघोळीच्या वेळी दार उघडं असतं, कुणीही न विचारता आत येतं, हेही तिने मला खुणेने सांगितलं होतं. मी रोज म्हणायचो, सांगतो हं त्यांना. आणि सांगायचो नाही. मुलीला एकदा फोनवर म्हटलं होतं. ती घाबरून म्हणाली, बाबा, तुम्ही काही बोलू नका, ते चिडले तर हाल आईचेच होतील. पोरीचं चुकलं असं मला अजून वाटत नाही. आपलं माणूस दुसऱ्याच्या हातात असलं की आवाज आपोआप खाली येतो.

मग तिने संध्याकाळचं जेवण बंद केलं. सकाळचं दोन घास घ्यायची, पण संध्याकाळी मावशी चमचा पुढे करायची आणि ही ओठ घट्ट मिटून घ्यायची. मावशीनेच मला कॉरिडॉरमध्ये गाठून हळूच सांगितलं. म्हणाली, काका, असंच चाललं तर नाकातून नळी घालणार आहेत, डॉक्टर म्हणत होते. मला ठाऊक होतं ती का जेवत नव्हती. लग्न झाल्यापासून संध्याकाळचं जेवण आम्ही एकत्र घेतलं. मी कामावरून कितीही उशिरा आलो तरी ती थांबायची. ती हट्टाने उपाशी नव्हती, ती माझ्यासाठी थांबली होती. संध्याकाळचं जेवण साडेसहाला आणि माझी वेळ पाचला संपलेली.

त्या संध्याकाळी जे झालं त्याला तू पुढे ‘मेकॅनिकची चोरी’ म्हणायला लागलीस. खाली सगळे जेवायला बसले होते. मी जेवणघरातला एक चमचा खिशात घातला आणि लिफ्टपाशी गेलो. ते कुलूप अगदी साधं असतं, चपटं काहीही आत बसलं की फिरतं. चमच्याचा दांडा बसला. बटण पेटलं, दार लागलं, लिफ्ट वर निघाली, आणि मधेच थांबली. आत उभा असताना मला उमगलं की वरच्या मजल्याचं दार लिफ्टवाल्याने पुरतं ओढलेलं नसणार, आणि लिफ्टच्या हादऱ्याने ते सरकलं असणार. एका जरी मजल्याचं दार किंचित उघडं राहिलं तरी लिफ्ट जागच्या जागी थांबते, ती थांबावी म्हणूनच तशी बनवलेली असते. हे मी किती लोकांना शिकवलं असेल. निघण्याआधी दारं बघायची असतात हा पहिला धडा, आणि तोच मी विसरलो होतो, कारण त्या वेळी मी मेकॅनिक नव्हतो, जेवायला घरी निघालेला माणूस होतो.

घंटेचं बटण दाबलं. घंटा साऱ्या इमारतीत वाजली. मग मी खाली बसलो, कारण अडकलेल्या माणसाने शांत बसायचं असतं हाही आमच्याच शिकवणीतला भाग. आणि पहिला आवाज आला तो तुझा. तुला मी जेवणघरात लांबून बघायचो तेवढंच. निम्मं आयुष्य बसमध्ये कंडक्टर म्हणून गर्दीला पुढे सरकायला लावलेल्या बाईचा आवाज तो, दोन दारांतून आणि मधल्या पोकळीतून थेट आत आला.

“कोण आहे रे आत?”

मी म्हटलं, मी. तू म्हणालीस, मी कोण ते मलाही सांगता येत नाही, तू नीट सांग. मग मी सांगितलं. लिफ्टवाला घरी गेला होता, किल्लीसाठी त्याला बोलवायला माणूस पाठवला होता, आणि मॅनेजर यायचे होते. तू खाली दारापाशी खुर्ची टाकून बसलीस आणि म्हणालीस, तोवर गाडी बंद पडली आहे असं समज, बंद गाडीत लोक फार बोलतात. आणि ताई, मी बोललो. आधी कधी कुणाशी एवढं बोललो नव्हतो. बॅगांपासून सुरुवात केली ती नाकातल्या नळीपर्यंत आलो. बोलता आलं याचं कारण एकच, तुझं तोंड मला दिसत नव्हतं आणि माझं तुला. चमच्याचंही सांगितलं. तू मधे काहीच बोलली नाहीस. मला वाटलं उठून गेलीस. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, “मग ही चोरी कसली? तू घरी चालला होतास.”

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली की रहिवाशांनी लिफ्टजवळ विनाकारण थांबू नये. तू नाश्त्याला जाताना ती मोठ्याने वाचलीस आणि लिफ्टजवळ खुर्ची टाकून बसलीस. मॅनेजर म्हणाले, अहो, हे विनाकारण थांबणं झालं. तू म्हणालीस, कारण आहे, माझा भाऊ वर जायचाय. त्या दिवशी मी तुझा भाऊ झालो. माझं मत कुणी विचारलं नाही. फार बरं वाटलं.

मग तू जेवणघरात बैठक सुरू केलीस. मॅनेजर तिला गप्पांचा अड्डा म्हणायचे. पहिल्या बैठकीला आपण चौघंच होतो आणि त्यातले सैन्यातले आजोबा झोपलेले होते. तू त्यांनाही धरून मोजलंस. तू माझ्या लिफ्टपासून सुरुवात केली नाहीस हे मला तेव्हा खटकलं होतं. तू दारापासून सुरुवात केलीस. खोलीत शिरण्याआधी दार वाजवायचं. दार वाजवायला वेळ लागत नाही, माणूस लागत नाही, मग हे नाही कसं म्हणतील, असं तू म्हणालीस. त्यांना नाही म्हणता आलं नाही. मग आंघोळीच्या वेळी पडदा. मग ज्याचे कपडे त्याला. तिच्या अंगात पहिल्यांदा तिचा स्वतःचा निळा गाऊन आला त्या दिवशी चार वाजता तिने मला “आलात?” म्हणण्याआधी गळ्याजवळचं नाव दाखवलं. तुझ्या कानावर मी ते घातलं तेव्हा तू नुसती मान हलवलीस आणि खिडकीबाहेर बघत बसलीस. बोलायची थांबलेली तू मला तेवढी एकदाच दिसलीस.

मुलीची भीती मी तुला सांगितली होती. ते चिडतील, तिचे हाल करतील. तू हसण्यावारी नेली नाहीस. म्हणालीस, भीती खरी आहे, म्हणूनच एकट्याने बोलायचं नाही, सगळ्यांनी मिळून बोलायचं. एकाला उतरवता येतं, भरलेली गाडी रिकामी करायला धाडस लागतं. आणि मग तू वृद्धनिवासांची तपासणी करणाऱ्या सरकारी ऑफिसात फोन केलास. असं ऑफिस असतं आणि वृद्धनिवासातल्या माणसाने तिथे स्वतः फोन करायचा असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नंबर तर दारातल्या फलकावर होता. आम्ही सगळे रोज त्याच्या समोरून जात होतो.

तपासणीच्या बाई आल्या त्या दिवसाबद्दल तू सगळ्यांना रंगवून सांगायचीस, आणि तुझ्या सांगण्यात मी फार शूर असायचो. खरं तसं नव्हतं. मी पाठ केलेलं सगळं विसरलो होतो. मॅनेजरांनी त्यांची बाजू नीट मांडली, आणि ती खोटी नव्हती. संध्याकाळनंतर वर कामाला दोनच माणसं असतात. वरच्या खोल्या बायकांच्या, चार-चार जणींच्या, तिथे पुरुष माणूस रात्री कसा ठेवणार? हे गृहस्थ पडले तर जबाबदार कोण? आणि रोज एक तास भेटू देतोच की. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा तू पाठीमागून हळूच म्हणालीस, “मेकॅनिक, बेल मार की रे.” सैन्यातले आजोबा मोठ्याने हसले. मलाही हसू आलं, आणि हसता हसता ते तोंडातून गेलं.

“मला तिला भेटायचं नाहीये,” मी म्हटलं. “मला तिच्याजवळ राहायचंय.”

पुढे मला बोलायची गरज पडली नाही, कारण तू उभी राहिलीस आणि वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं काढलंस, ज्यात मोडक्या व्हीलचेअर आणि वॉकर रचून ठेवले होते. ती खोली दोघांची आहे आणि तिला खिडकी आहे, हे तू कधी जाऊन बघून आलीस ते मला अजून कळलेलं नाही. बाई म्हणाल्या, दाखवा. आपण सगळे वर गेलो. लिफ्टवाल्याला तीन फेऱ्या कराव्या लागल्या.

आता जे सांगायचं आहे ते तुला ठाऊक नाही, कारण ते बंद दाराच्या आत झालं. पहिल्या संध्याकाळी मावशीने दोन ताटं आणली. मी तिला भरवायला घेतलं. तिने तोंड उघडलं नाही. मग तिने डावा हात उचलून माझ्या ताटाकडे बोट केलं. मी एक घास खाल्ला, आणि तिने तोंड उघडलं. पुढे रोज तसंच. आधी माझा घास, मग तिचा. नळीची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

पहिल्या काही दिवसांत पाच वाजले की ती “निघालात?” म्हणायची. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. मी म्हणायचो, नाही, इथेच आहे. तिचा विश्वास बसायचा नाही. मी झोपायचे कपडे घालून दाखवायचो, पलंगावर पडून दाखवायचो, तरी दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा तेच. मला वाटलं तिच्या डोक्यातून ते आता जाणार नाही. आणि मग एक दिवस पाच वाजले, सव्वापाच झाले, आणि तिने विचारलंच नाही. ती खिडकीबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या चादरी बघत होती. मी पेपर वाचत होतो. मी पेपर खाली केला नाही, कारण केला असता तर तिला माझं तोंड दिसलं असतं. असे बरेच महिने आम्हाला मिळाले. ती माझ्या घोरण्यावर रागवायची, डाव्या हाताने पलंगाची कड वाजवायची. तू आलीस की “वन्सं” म्हणायची. नवा शब्द तिने तो एकच मिळवला, बाकी सगळे हरवले. तू दार वाजवून, उत्तर येईपर्यंत बाहेर थांबून आत यायचीस. ती मुद्दाम उशिरा हुंकार द्यायची, तुला बाहेर थांबवायला. तुला ते कळत होतं, आणि तू थांबायचीस.

मग एका सकाळी तू पिशवी घेऊन दारात आलीस. भाचा बोलावतोय म्हणालीस. त्याच्या घरी अंगण आहे, पोरं आहेत, म्हातारीला आणखी काय हवं. तिच्या गालाला हात लावलास, मला म्हणालीस, बैठक बंद पडू देऊ नकोस, निदान झोपायला तरी बस. आणि गेलीस. मी खरं मानलं. तू इतकी हसत होतीस की खोटं वाटायला जागाच नव्हती. पत्ता मागितला तर म्हणालीस, पोचले की कळवते.

ती गेल्यानंतर काही दिवसांनी, मुलगी अजून इथेच असताना, मावशी माझ्याकडे येऊन बसली. तिच्या मनात ते फार दिवस होतं. ती म्हणाली, काका, भाच्याचं घर वगैरे काही नाही. तपासणी झाल्यानंतर मॅनेजरांनी भाच्याला फोन केला होता, की तुमच्या मावशी इतरांना चिथावतात, आम्हाला त्यांची जबाबदारी घेता येणार नाही. भाच्याने तुला दुसऱ्या वृद्धनिवासात ठेवलं. तुला कुणी विचारलं नाही. आणि तू इथे सगळ्यांना दटावलंस की मेकॅनिकला सांगायचं नाही. मावशीने तुझे शब्द सांगितले: त्याला कळलं तर मला इथे ठेवावं म्हणून तो आपला पलंग परत खाली घेऊन येईल. तू मला बरोबर ओळखलं होतंस. मी आणला असता.

भाच्याचा नंबर मावशीने मिळवून दिला. भाचा वाईट माणूस नाही, ताई. त्याला जे सांगितलं ते त्याने खरं धरलं. मी विचारलं, कशा आहेत? म्हणाला, बऱ्या आहेत, खोलीतच असतात, जेवणघरात जात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, तिथले लोक म्हणतात फार शांत आहेत, काही त्रास नाही. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. शांत माणूस कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे, मी जन्मभर तोच आहे. तू शांत नाहीस. तू गप्प आहेस, आणि ते वेगळं.

म्हणून मी मुलीबरोबर गेलो नाही. तपासणीच्या ऑफिसात मी स्वतः फोन केला. काय बोलायचं ते आधी आरशासमोर म्हणून बघितलं. बाईंनी मला आवाजावरून ओळखलं नाही, मी म्हटलं चमच्यावाला, तेव्हा ओळखलं. त्या म्हणाल्या, तक्रार केली म्हणून कुणाला काढता येत नाही, आणि माणसाला न विचारता हलवताही येत नाही. आज बैठकीत मी उभा राहून हे सगळ्यांसमोर सांगितलं. चांगली गर्दी होती, जेवणघरातल्या खुर्च्या कमी पडल्या. मॅनेजर दारात उभे राहून ऐकत होते. हातातलं पेन उघडत होते, बंद करत होते. शेवटी म्हणाले, त्यांची जिन्याजवळची खोली अजून रिकामी आहे, त्यांना यायचं असेल तर माझी हरकत नाही, आणि मी तेव्हा घाई केली. एवढं बोलून ते गेले. सैन्यातले आजोबा जागे होते.

तर हे पत्र त्यासाठी आहे. येत्या गुरुवारी तपासणीच्या बाई तुझ्याकडे येणार आहेत. त्या दार वाजवतील आणि तू ये म्हणेपर्यंत आत येणार नाहीत, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. खोलीत तुम्ही दोघीच असाल, भाचा नाही, तिथला मॅनेजर नाही, मीही नाही. त्या तुला विचारतील, तुम्हाला कुठे राहायचं आहे? इथे यायचं असेल तर तसं सांग. तिथेच राहायचं असेल तर तेही सांग, आणि तिथे काय हवं, काय नको, तेही सांग. आणखी कुठे जायचं असेल तर ते सांग. मला काय बरं वाटेल याचा विचार करू नकोस, तो तू एकदा केलास तेवढा पुरे. पण बोल. भाचा मला गाडीने घेऊन येणार आहे, मी बाहेर बाकावर बसलेला असेन. तुझ्या वतीने मी एक शब्दही बोलणार नाही. तू जे काही सांगशील ते पुरं होईपर्यंत मात्र मी त्या ऑफिसाची पाठ सोडणार नाही. आभार मानायचे होते, तेच हे. आता ऊन खिडकीतून उतरायला लागलं आहे. गुरुवारी घालायच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं आहे. सुई मिळाली, दोरा मिळाला, ओवायलाच काय तो वेळ लागतो. उजेड आहे तोवर ते लावून घेतो.

तुझाच,
मेकॅनिक